वहीपासून पडद्यापर्यंत: स्वतंत्र पटकथाकार आणि माहितीपटकार होऊ पाहणाऱ्यांसाठी

दिग्दर्शिका सुमित्रा भावे सिनेमा शिकायला कुठल्याही फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या नव्हत्या. पुण्यात त्या समाजकार्य शिकवत होत्या आणि वस्तीतल्या बायकांच्या जगण्यावर संशोधन करत होत्या. ज्या बायकांनी विश्वासाने आपलं आयुष्य सांगितलं, त्यांतल्या अनेकींना तो अहवाल वाचता येणार नव्हता. मग तेच पडद्यावर मांडावं, म्हणून १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दहा वर्षांनी, १९९५ मध्ये, सुनील सुकथनकरांसोबत केलेला 'दोघी' हा कथापट आला. संशोधनाची वही, मग लघुपट, मग पूर्ण लांबीची पटकथा, असा तो प्रवास होता.

"पटकथाकार व्हायचं की माहितीपटकार, हे ठरत नाही," असं म्हणणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी हे उदाहरण सांगते. बाजारात ही दोन कामं वेगळी मोजली जातात, पण शिकताना ती एकच आहेत. माणसं कशी बोलतात, कधी गप्प होतात, काय लपवतात हे ज्याला ऐकता येतं त्याला दोन्ही जमतात. ज्याला ऐकता येत नाही, त्याचं कॅमेऱ्यावाचून काही अडलेलं नसतं.

मी मराठवाड्यातल्या एका टँकरचालकासोबत दोन उन्हाळे काढले आणि माझा पहिला माहितीपट झाला. पुढच्या पायऱ्या त्यातून आणि नंतरच्या कामांतून आल्या आहेत. अनेक चुका माझ्याच आहेत. त्या तुम्ही पुन्हा करू नयेत एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

विषय: एसटीने जाऊन येता येईल इतका जवळचा

पहिल्या कामासाठी विषय निवडताना मी तीन प्रश्न विचारायला लावते. एक, यात माणूस कोण? 'पाणीटंचाई' हा विषय झाला, पण 'रोज चार खेपा टाकणारा चालक' हा माणूस आहे. दोन, तुम्ही चित्रण करत असताना काय बदलणार आहे? टँकर मार्चमध्ये सुरू होतो, मे महिन्यात भांडणं होतात, जूनमध्ये आभाळ येतं आणि एक दिवस त्याची गरज संपते. हा क्रम मला लिहावा लागला नाही, ऋतूनेच दिला. शाळेची परीक्षा, गावची जत्रा, पिकाचा हंगाम, निवडणूक यांतही असा काळ आयता मिळतो. तीन, तिथे तुम्हाला पुन्हा पुन्हा जाता येईल का? ज्या गावी पोचायलाच दोन दिवस आणि पाच हजार रुपये लागतात, तिथे तुम्ही तीनदा जाल आणि थकाल. पहिला विषय असा घ्या, की सकाळच्या एसटीने निघून रात्री परत येता येईल.

एक विनंती. 'शेवटचा कल्हईवाला', 'शेवटचा पिंगळा', 'लोप पावत चाललेली अमुक कला' अशा प्रस्तावांचे गठ्ठे निवड समित्यांपुढे येतात. त्यांतले बहुतेक त्या माणसाकडे पाहतच नाहीत, फक्त हळहळतात. कल्हईवाल्यावर करायचंच असेल तर त्याचा या महिन्याचा हिशेब काय, मुलगा काय करतो, कुठल्या हॉटेलचं काम मिळालं आणि कुठलं सुटलं, तिथून सुरुवात करा.

पहिला महिना कॅमेऱ्याशिवाय

ही पायरी नवीन लोकांना सगळ्यांत कंटाळवाणी वाटते. माझ्या मते सगळं करिअर हिच्यावर उभं आहे. पहिल्या पाच-सहा भेटींना कॅमेरा घरी ठेवा. दोनशे पानी वही आणि दोन पेनं न्या.

वहीत मत लिहायचं नाही. जे दिसलं आणि जे ऐकू आलं, तेवढंच. माझ्या पहिल्या दिवशीच्या पानावर लिहिलं होतं, 'चालक खूप वैतागलेला होता.' या वाक्याचा मला पुढे काहीही उपयोग झाला नाही. तिसऱ्या भेटीतलं पान असं आहे: 'विहिरीवर आधीच दोन टँकर. त्याने गाडी बंद केली, चावी काढली, पण खाली उतरला नाही. खिडकीतून हात बाहेर, बोटांनी दरवाजावर ठोके. वीस मिनिटं.' यातून मला माहितीपटाचं पहिलं दृश्य मिळालं. खरं तर हीच पटकथेची भाषा आहे. पटकथेत 'त्याला एकटं वाटतं' असं लिहिता येत नाही, कारण नटाला ते करता येत नाही आणि कॅमेऱ्याला ते दिसत नाही. वर्तमानकाळ, कृती, आवाज, एवढ्यावर भागवावं लागतं. रोज एक पान असं लिहिलं तर सहा महिन्यांत तुमचा हात त्या भाषेला सरावतो, आणि हे शिकवणारा कोर्स माझ्या तरी पाहण्यात नाही.

बोलणं जसं आहे तसं उतरवा. तो 'पाणी येऊ राह्यलं' म्हणाला असेल तर वहीत 'पाणी येत आहे' लिहू नका. जालन्याकडची बोली, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी यांना स्वतःची चाल असते. ती कानात बसल्याशिवाय संवाद लिहायला घेतले, की सगळी पात्रं पुण्यातल्या एकाच घरात वाढल्यासारखी बोलतात.

आणखी एक सवय लावा. पानाच्या समासात वेळ लिहा: पहाटे साडेचार, सव्वासहा, अकरा. पुढे चित्रणाचं वेळापत्रक याच नोंदींवरून बनतं, कारण उजेड कुठे असतो आणि माणूस कधी मोकळा असतो, हे दोन्ही त्यात असतं.

संमती: सगळ्यांची, लेखी आणि मराठीत

माझ्या माहितीपटाचं पहिलं संकलन झालं तेव्हा त्यात एक रात्रीचं दृश्य होतं. चालक घरी येतो, पैशांवरून नवराबायकोत वाद होतो, मग दोघं न बोलता जेवतात. पाहणारा प्रत्येक जण म्हणायचा, हेच सगळ्यांत चांगलं आहे. संमतिपत्रावर चालकाची सही होती. त्याच्या बायकोची नव्हती. कॅमेरा घरात आला तेव्हा ती 'असू द्या' म्हणाली होती आणि मी ते पुरेसं धरलं. मी लॅपटॉपवर तिला ते दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, हे माझ्या माहेरी बघतील का हो?"

ते दृश्य मी काढून टाकलं. माहितीपट त्यामुळे पातळ झाला, हे मला आजही दिसतं. तरी तो निर्णय बरोबर होता. चूक आधीची होती: चौकटीत येणाऱ्या प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलणं हे माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं.

म्हणून आता मी असं करते. संमतिपत्र एका पानाचं, सोप्या मराठीत. त्यात माणसाचं नाव, माहितीपटाचा विषय, तो कुठे दाखवला जाऊ शकतो (महोत्सव, टीव्ही, इंटरनेट, सगळं स्पष्ट), मानधन आहे की नाही, आणि प्रदर्शनाआधी त्यांना त्यांचा भाग दाखवला जाईल हे वचन. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं आणि त्यांचं 'हो' कॅमेऱ्यावर घ्यायचं. संकलनाच्या शेवटी पुन्हा एकदा विचारायचं, कारण मार्चमध्ये दिलेली संमती डिसेंबरमध्ये माणसाला जड वाटू शकते.

मुलांच्या बाबतीत पालकांची सही लागते, आणि मुलालाही विचारायचंच. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करायला पॉक्सो कायद्याने बंदी आहे. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही तशीच तरतूद आहे. चेहरा धूसर केला पण शाळेचा गणवेश आणि गल्ली दिसत राहिली, तर ओळख उघडच झाली.

पैशाचा प्रश्न लगेच येतो. 'हे बोला, मी एवढे देतो' असं कधीही नाही, त्याने बोलणं विकत घेतल्यासारखं होतं आणि माणूस तुम्हाला आवडेल ते सांगू लागतो. पण आपल्यामुळे कुणाची मजुरी बुडाली, खेप चुकली, तर ती भरून द्यायलाच हवी. मी अंदाजपत्रकात 'मजुरी भरपाई' असं वेगळं खातं ठेवते.

यंत्रं: आधी आवाज

कॅमेऱ्यावर मी थोडकंच लिहिणार आहे. हातातल्या चांगल्या मोबाईलने सुरुवात करा. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर पन्नासांश सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने याने ट्यूबलाइट आणि एलईडीखालची लुकलुक टळते. ट्रायपॉड जड घ्या.

आवाजावर मात्र पैसे खर्च करा. प्रेक्षक धूसर चित्र सहन करतो, न कळणारं बोलणं दोन मिनिटंही सहन करत नाही. कॉलर माइक, वाऱ्यासाठी त्यावरची फर, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड होणारं छोटं यंत्र आणि कानाला लावलेला हेडफोन. हेडफोन लावलेलाच हवा. पहिल्या आठवड्यात उन्हाने कान भाजत होते म्हणून मी तो गळ्यात अडकवला आणि माइकची वायर सैल होती हे मला तीन दिवसांनी, घरी आल्यावर कळलं. सरपंचबाईंची सगळी मुलाखत खरखरीत गेली. त्यांनी ती पुन्हा दिली, पण पहिल्या वेळी त्या रागावल्या होत्या तशा पुन्हा रागावल्या नाहीत.

प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवून त्या जागेचा नुसता आवाज घ्या. पंखा, लांबचा पंप, कावळे. संकलनात दोन वाक्यांमधली फट याच आवाजाने बुजते.

टँकरच्या केबिनमध्ये सतत जुनी गाणी लागलेली असत. तो त्याच्या आयुष्याचाच आवाज होता, आणि मला तो वापरता आला नाही. गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात आणि शब्द-चालीचे वेगळे; दोन्हींची परवानगी पहिल्या माहितीपटाच्या खिशाला परवडत नाही. आता मी प्रत्येक प्रसंगात काही वेळ गाणी बंद करायची विनंती करते.

चित्रणाच्या साठवणीचा हिशेब आधी करा. सेकंदाला १०० मेगाबिटच्या दराने एका तासाला साधारण ४५ जीबी लागतात. साठ तास चित्रण झालं तर २.७ टीबी, आणि प्रती तीन हव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरात.

परवानग्या: केंद्रीय संरक्षित किल्ले आणि लेणी असतील तर पुरातत्त्व सर्वेक्षण, रेल्वे स्थानकासाठी रेल्वेचा संबंधित विभाग, जंगलासाठी वनखातं. महाराष्ट्रातल्या सरकारी जागांसाठी गोरेगावच्या फिल्मसिटीतल्या सरकारी चित्रपट महामंडळाची एक खिडकी योजना आहे. ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ चे नियम वाचा आणि डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा कुठल्या रंगात येते ते पाहा. गावात मात्र सरकारी कागद हातात असला तरी आधी ग्रामपंचायतीत जाऊन बसा, चहा घ्या, काय करणार ते सांगा.

प्रस्ताव, आणि फाळक्यांचं वाटाण्याचं रोप

'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या आधी दादासाहेब फाळक्यांना भांडवल हवं होतं आणि सिनेमा म्हणजे काय, हेच लोकांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि कॅमेरा समोर ठेवून कित्येक दिवस एकेक चौकट टिपली. पडद्यावर ते रोप भराभर वाढताना पाहून पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. आज ज्याला आपण नमुनाफीत किंवा टीझर म्हणतो, ते याहून वेगळं नाही. 'मला एवढे पैसे द्या, मी असं असं करीन' याला किंमत कमी. 'हे तीन मिनिटं पाहा' याला जास्त.

प्रस्तावात काय हवं? दोन वाक्यांत विषय. एका पानात गोष्ट, म्हणजे कोण, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, काय पणाला लागलं आहे. दोन-तीन पानांत मांडणी, म्हणजे प्रेक्षकाला काय दिसेल आणि ऐकू येईल. इथे वहीतली पानं जवळजवळ तशीच उचलता येतात. मग हे तुम्हीच का करायचं आणि त्या माणसांपर्यंत तुमची पोच किती, याचा एक परिच्छेद. वेळापत्रक. अंदाजपत्रक. आणि तीन मिनिटांची फीत.

अंदाजपत्रकात नवीन माणूस प्रवास आणि कॅमेरा लिहितो आणि शेवट विसरतो: हार्ड डिस्क, मुलाखती उतरवून घेण्याचं मानधन, उपशीर्षकं, ध्वनिमिश्रण, रंगसंस्करण, सेन्सॉरचा खर्च, महोत्सवांची प्रवेश फी. एकूण रकमेवर दहा टक्के अडीअडचणीला ठेवा. आणि स्वतःचं मानधन लिहा, कमी लिहा पण लिहा. शून्य लिहिलेलं अंदाजपत्रक देणाऱ्यालाही खरं वाटत नाही.

पैशासाठी ठोठवायची दारं कुठली? बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, कोलकात्याचा डॉकएज हा मंच, जिथे देशी-परदेशी निवडकर्त्यांपुढे विषय मांडता येतो. गोव्यात नोव्हेंबरमध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाबरोबर भरणारा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा (एनएफडीसी) फिल्म बाजार, आता वेव्ह्ज फिल्म बाजार. ॲमस्टरडॅमच्या इडफा या माहितीपट महोत्सवाचा बर्था फंड. प्रत्येकाचे नियम आणि तारखा दरवर्षी त्यांच्या संकेतस्थळावर तपासा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. परदेशी अनुदान मिळालं तर पैसे खात्यात येण्याआधी सीएला भेटा, कारण परकीय अंशदानाचा २०१० चा कायदा मध्ये येऊ शकतो. माझ्या पहिल्या कामाला यांपैकी कुठूनही पैसे आले नाहीत. मामाने दिले, दोन मैत्रिणींनी दिले, बाकी मी भाषांतरं करून उभे केले. त्यांची नावं श्रेयनामावलीत सगळ्यांत आधी आहेत.

संकलन आधी कागदावर

चित्रण संपलं की सॉफ्टवेअर उघडायची घाई होते. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पहिल्या कामाला पुरते, ते उघडण्यात अडचण नाही. पण आधी सगळं बोलणं शब्दशः उतरवा, वेळेच्या नोंदीसह. मला साठ तासांना दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यांत मला माझा माहितीपट कळला. चालक 'माझं पाणी' म्हणतो आणि गावातल्या बायका 'त्याचं पाणी' म्हणतात, हे चित्रण करताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कागदावर एकाखाली एक आल्यावर दिसलं, आणि मग सगळी मांडणी त्या दोन शब्दांभोवती झाली.

मग प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड करा. वर दोन शब्दांत नाव, खाली 'यात काय बदलतं?' याचं उत्तर. उत्तर सुचत नसेल तर तो प्रसंग फक्त सुंदर आहे, बाजूला ठेवा. आमच्या घरात कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी अशी ऐंशी कार्डं महिनाभर लटकत होती. आई धुणं वाळत घालायला गच्चीवर जात होती, तक्रार न करता. शेवटी सव्वीस राहिली.

निवेदन सगळ्यांत शेवटी लिहा, आणि चित्रात जे दिसतं ते निवेदनात सांगू नका. रांग दिसत असताना 'पाण्यासाठी बायकांना रांगेत उभं राहावं लागतं' हे वाक्य कशाला? त्याऐवजी जे दिसत नाही ते सांगा: या विहिरीवर पहिली मोटर कधी बसली, हा टँकर किती गावांना पुरवायचा आहे. कितीदा तरी निवेदन लागतच नाही.

कधी थांबायचं, याला ठरलेलं उत्तर नाही. १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांनी गोळीबार केला, त्यानंतर माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी सुरू केलेला 'जय भीम कॉम्रेड' २०११ मध्ये पूर्ण झाला. चौदा वर्षं. त्या विषयाला तेवढा काळ लागणारच होता. पण पहिल्या कामासाठी तुम्ही शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. अपूर्ण राहिलेल्या पहिल्या माहितीपटावर दुसरा उभा राहत नाही.

त्याच वहीतून पटकथा

माहितीपटात जे दाखवता आलं नाही, ते बहुतेक वेळा कथेत सांगता येतं. त्या रात्रीच्या जेवणाचं दृश्य मी पुढे एका कथापटाच्या पटकथेत लिहिलं, वेगळ्या घरात, वेगळ्या माणसांसाठी, वेगळ्या कारणावरून. फक्त न बोलता जेवणं तेवढं राहिलं.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्या. माहितीपटासाठी मिळालेली संमती कथापटाला चालत नाही. एखाद्याच्या आयुष्यावर ओळखू येईल अशी कथा लिहायची असेल तर स्वतंत्र करार करा आणि त्याचं स्वतंत्र मानधन द्या.

मराठीत 'कथा, पटकथा, संवाद' अशी तीन श्रेयं वेगळी दिली जातात. काम घेताना तुम्ही यातलं नक्की काय लिहिताय आणि पडद्यावर कुठलं श्रेय येणार, हे करारात शब्दशः उतरवून घ्या. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजीतल्या ठरलेल्या टाइप आणि समासांवर बेतलेला आहे. देवनागरीत तो ढोबळच धरा आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघा.

हक्कांबद्दल जरा थांबून वाचा. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. ती कशी मांडली आहे, त्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हेच स्पष्ट केलं. मी सुरुवातीला एका निर्मात्याच्या कार्यालयात चहा पिता पिता आख्खी गोष्ट तोंडी सांगितली होती. वर्षभराने तशीच गोष्ट दुसऱ्या नावाने आलेली पाहिली, आणि माझ्याकडे दाखवायला एकही कागद नव्हता. म्हणून आधी लिहा, मग सांगा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेतलं की तुमची कथा-पटकथा ऑनलाइन नोंदवता येते, आणि मानधन किंवा श्रेयाचा वाद झाला तर त्यांची तंटा समितीही आहे. कॉपीराइट कार्यालयात लेखनकृतीची नोंदणी ५०० रुपयांत होते. भेट झाल्यावर त्याच दिवशी 'आज आपण अमुक गोष्टीवर बोललो, सोबत चार पानं जोडली आहेत' असा ईमेल पाठवा.

करारात मुदत लिहिली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. निर्माते हे जाणतात, म्हणून 'कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात' असं छापील कलम समोर येतं. ते वाचा आणि त्यावर बोला. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीवरचा लेखकाचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने असा बांधला आहे, की तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (लेखकांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सोडून कुणाला देता येत नाही. मानधन टप्प्यांत घ्या: करारावर, पहिल्या खर्ड्यावर, दुसऱ्यावर. पुढचा खर्डा मागचा हप्ता आल्यावरच द्या.

पोटापाण्याचं

पहिली तीन वर्षं माहितीपटावर घर चालेल असं धरून नोकरी सोडू नका. सामाजिक संस्थांच्या कामाच्या फिल्म्स, मालिकांचे संवाद, उपशीर्षकं, भाषांतर, लग्नाचं चित्रण, यात कमीपणा काही नाही. मालिकेचे संवाद लिहिताना रोज वेळेत पानं द्यायची शिस्त लागते, ती पुढे उपयोगी पडते. आठवड्यातली एक सकाळ फक्त स्वतःच्या विषयासाठी राखा आणि ती कुणालाही देऊ नका. मानधन बहुधा टीडीएस कापून येतं. विवरणपत्र भरलं नाही तर तो परतावा बुडतो, म्हणून पहिल्या वर्षापासून बिलांची फाइल ठेवा.

पाहायला आणि ऐकायला लोक हवेत. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात खेळ होतात, आणि संग्रहालय व पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट शिक्षण संस्था मिळून चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम घेतात. नोकरीतून रजा काढून तो केलात तरी चालेल. तिथे भेटलेल्या लोकांतूनच मला संकलक मिळाला.

दाखवणं

सार्वजनिक प्रदर्शनासाठी माहितीपटालाही सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते कायम वैध राहतं. मान्यताप्राप्त महोत्सवांना सरकारकडून सवलत मिळते, पण राष्ट्रीय पुरस्कारांसाठी प्रमाणपत्र हवंच. घाईने यूट्यूबवर टाकू नका. काही महोत्सव आधी कुठेही न दाखवलेलाच माहितीपट घेतात. मुंबईतला मिफ्फ हा माहितीपट-लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून भरतो आणि तो दर दोन वर्षांनी असतो. तिरुवनंतपुरमचा माहितीपट आणि लघुपट महोत्सव मला फार आवडतो, कारण तिथे कॉलेजची मुलं खाली जमिनीवर बसून माहितीपट बघतात आणि नंतर दारात अडवून प्रश्न विचारतात. नकार भरपूर येतील. मला पहिल्या वर्षी सतरा आले.

पण महोत्सवाची अंतिम प्रत काढायच्या आधी माहितीपट गावात न्या. यासाठी लागतं ते असं: भाड्याचा प्रोजेक्टर, दोन स्पीकर, पन्नास फुटी एक्स्टेन्शन बोर्ड, लॅपटॉपची पूर्ण भरलेली बॅटरी, आणि पडदा नसेल तर शाळेची चुना दिलेली भिंत. उन्हाळ्यात साडेसातच्या आधी अंधार होत नाही. लाइट कधी जाते ते गावातल्या वायरमनला विचारून वेळ ठरवा. समोर सतरंज्या, मागे खुर्च्या, आणि बायकांना पुढे जागा मिळेल याकडे स्वतः लक्ष द्या.

आमच्या खेळाला दीडशे माणसं होती. चालक सगळ्यांत मागे, टँकरच्या पायरीवर बसून पाहत होता. त्याची बायको पुढे, सतरंजीवर. संपल्यावर पहिली हरकत आली ती श्रेयनामावलीवर. पाइप धरणाऱ्या पोराचं आडनाव चुकलं होतं, विहिरीच्या मालकाचं नाव नव्हतंच, आणि ज्या आजींच्या ओसरीवर आम्ही दोन्ही उन्हाळे सामान ठेवलं होतं, त्यांनाही मी विसरले होते. वही काढली, पेट्रोमॅक्सच्या उजेडात तिन्ही नावं त्यांच्याकडूनच लिहून घेतली आणि परत आल्यावर ती घालून मग शेवटची प्रत काढली.